डोकरीखालची सकाळ

होळी उलटली की आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्यानं जाताना मला थांबावं लागतं. तिथं नाल्याकाठी मोहाचं एक झाड उरलं आहे. प्लॉट पाडणाऱ्यांच्या तावडीतून ते कसं सुटलं कोण जाणे. सकाळी त्याच्याखाली फुलांचा सडा पडलेला असतो, त्यावरून शाळेच्या रिक्षा जातात, आणि मग झाडणारी बाई येऊन सगळं खराट्यानं कचऱ्यात लोटते. मी तिला एकदा न राहवून म्हटलं, "अगं, वेचून ने की. वाळव, उकडून खा." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय म्हणता मॅडम! घरी नेलं त लोकं म्हणतीन, हे दारू गाळून राह्यली." आणि मोठ्यानं हसली. जंगल इतकं जवळ, पण चंद्रपूरकरांना मोह म्हटलं की बाटलीच आठवते.

तो वास ज्याला आवडत नाही त्याला अजिबात आवडत नाही. गोड, जड, थोडा जास्तच पिकलेला. मला मात्र मैनी आठवते. चाळीस वर्षं होत आली, अजून तशीच आठवते, आणि मग दिवसभर घरात माझं कशात लक्ष लागत नाही.

यंदा त्यात एका सिनेमाची भर पडली. सुनेनं टीव्हीवर लावून दिला होता. समुद्रकाठचं लहानसं गाव, वादळात बुडालेल्या होड्या आणि मागं राहिलेली माणसं. सिनेमा चांगला होता, नाही म्हणणार नाही. पण त्यातली माणसं फारच सुंदर रडत होती. खिडकीशी उभी राहून रडत, किनाऱ्यावरून चालताना रडत, आणि मागून व्हायोलिन. मला राहून राहून वाटत होतं, यांच्या घरी चूल कोण पेटवतं? कोंबड्या कोण झाकतं? मी तसं बोलूनही दाखवलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही सिनेमा बघताय की शाळा तपासताय?" उभा जन्म मास्तरकीत गेला, खोड जाणार कशी! पण एक गोष्ट तिला सांगावीशी वाटूनही मी सांगितली नाही. मी अशा गावात राहिले आहे. तिथं मरण पावसाळ्यात आलं, आणि दुःखाला तोंड फुटलं ते फागुनात, मोहाच्या झाडाखाली.

धानोऱ्यापासून आत, नदीच्या पलीकडे ते गाव. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून नांदती आहेत, त्यांना विचारल्याशिवाय कशाला. मी सिंदेवाहीची. वडील भात संशोधन केंद्रावर मजुरीला होते. दिवसभर धानाच्या लोंब्या जपायचे आणि घरी आले की आम्हा बहिणींच्या अभ्यासावर पहारा द्यायचे. त्यांच्या हट्टानं मी शिक्षिका झाले आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती या जंगलात. आई रडायला लागली. वडील म्हणाले, "शाळा हाय ना तिथी? मंग झालं." पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह आणि बुद्धाचं एक कॅलेंडर घेऊन मी डोंग्यातून नदी ओलांडली. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं; पूल व्हायचा होता, अजून बोलणंही निघालं नव्हतं.

सोमीबाईच्या घराला लागून एक खोली होती, ती मला मिळाली. सोमीबाई विधवा, गोंडाची, उंच आणि कमी बोलणारी. घरात दुसरं माणूस एकच, तिची मुलगी मैनी. मैनी माझ्याच वयाची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली. आमच्या सिंदेवाहीत यावर वर्षभर कुजबूज चालली असती. इथं सोमीबाईनं हंडीत मूठभर तांदूळ जास्त टाकले, झालं. मैनी कामाला वाघ आणि तोंडानं त्याहून वाघ. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी एवढ्या शिकल्या, पन चूल फुकाले नाई शिकवलं का कोनी?" त्यानंतर माझा स्टोव्ह माळ्यावर गेला आणि मी त्यांच्याच चुलीवर जेवायला लागले.

मोहाचं मला तिनंच शिकवलं. फागुनात सगळं जंगल पानं गाळून मोकळं होतं, पायाखाली सारखी करकर. फुलं पडायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतं, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळट फुलं लांबूनही दिसतात. मग दिवस उगवायच्या आत टोपली घेऊन जायचं. फुलं टपटप पडत असतात, डोक्यावर, पाठीवर, टोपलीत. अस्वलांनाही मोह आवडतो, म्हणून झाडाझाडाखालून बाया एकमेकींना हाका घालत राहतात, नुसत्या लांबच लांब 'कूऽऽ'. एक हाक नाल्याकडून, एक टेकडीकडून, एक पार लांबून, ऐकू येते न येते. मैनीची हाक सगळ्यांत लांब जायची. मी घातली की कोंबडं आरवल्यासारखी निघायची, आणि मैनी टोपली सोडून हसत बसायची. "बाई, तुमी नका वरडू. अस्वल हसून हसून मरन."

सोमीबाईच्या झाडाचं नाव डोकरी. डोकरी म्हणजे म्हातारी. नाल्यापलीकडचं ते जुनं, पोटात ढोली असलेलं अवाढव्य झाड. तिथल्या सगळ्या मोहाच्या झाडांना नावं होती आणि प्रत्येक झाड एकेका घराचं होतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे. भूक असली तरी नाही, घरधनी आजारी असला तरी नाही. इतर गावांत काय रीत आहे मला माहीत नाही, पण त्या गावात यावर भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. याला सूट एकच. एखादं घर संपलं, मागं कोणी उरलं नाही, तर गावातल्या सगळ्या बाया एका सकाळी मिळून त्या झाडाखाली जात. त्या दिवशी कोणी हाक घालत नसे. सगळ्या मुकाट्यानं वेचत, आणि मग गायता, म्हणजे गावचा पुजारी, ते झाड दुसऱ्या घराला देई. मैनीनं मला हे सांगितलं तेव्हा टोळाचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावून ती केस विंचरत होती. मी विचारलं, "मग आमच्यासारख्या भाडेकरूंना झाडाखाली येऊ देता ते कसं?" ती म्हणाली, "तुमी येचता कुठी? तुमी त निसत्या खेळता."

खरंच होतं ते. मी दोन-चार मुठी उचलायची, बाकी वेळ खोडाला टेकून तिचं बोलणं ऐकायची. नोकरीची पुढची वर्षं बरी गेली, लग्न झालं, मुलगा झाला, सुख मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. पण इतकं निर्धास्त मी पुन्हा कुठं बसले नाही. उकडलेला मोह आणि लाखोळीची डाळ घालून सोमीबाई एक कालवण करायची. मी ते इथं करून पाहिलं. नाही जमलं. मुलानं एक घास घेतला आणि नम्रपणे पाणी प्यायला.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. गावातली माणसं धानोऱ्याला गेली होती. परत येताना वर कुठंतरी पाऊस झाला असावा. नदीला एकाएकी लोंढा आला आणि डोंगा मधोमध उलटला. चालवणारा गेला, बसलेल्यांतली बहुतेक गेली. गावात ज्यांच्या घरचं कोणी गेलं नाही अशी घरं थोडीच उरली. शेजारच्या झुरीबाईचा नवरा गेला. माझ्या शाळेतली दोन लेकरं आपापल्या आयांबरोबर गेली. मैनी गेली.

पुढच्या दिवसांत पाणी ओसरत गेलं तशी एकेक करून माणसं खाली सापडत गेली. मैनी सापडली नाही.

सिनेमात अशा वेळी भाषण असतं, मेणबत्त्या असतात. आमच्याकडे धानाची रोवणी होती. बांधीत पाणी होतं, रोप हातात होतं, आणि रोप थांबत नाही. बाया चिखलात उतरल्या. रोवणीची गाणी त्या वर्षी कोणी म्हटली नाहीत, एवढाच फरक. झुरीबाई वाकून रोवता रोवता मधेच उभी राही, नदीकडे बघे, पुन्हा वाके. मी शाळा उघडून बसायची. पोरंही फार बोलत नसत.

त्या लोकांत मेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. नदीतून दगड आणायचा तो घरच्या माणसानंच. हळूहळू सगळ्यांचे दगड उभे राहिले. दगड उभा राहिला की माणूस आपल्यातून निघून आपल्या पूर्वजांत जाऊन बसतो, असं गायता दसरूभाऊ मला समजावून सांगत. ते सोमीबाईकडे बरेचदा येऊन गेले. ती त्यांना पाणी द्यायची, बसायला खाट द्यायची आणि म्हणायची, "दसरूभाऊ, पोरीले पाह्यलं का कोनी मेलेली? नाई ना? मंग मी दगड कायचा मांडू?" खालच्या गावात कोणी ओढून काढली असेल, डोक्याला मार बसून नाव विसरली असेल, आष्टीकडे, नाहीतर पार सिरोंच्याला तेलुगू लोकांत असेल. रोज नवं काहीतरी. मी मान हलवायची. मलाही ते हवंच होतं.

एकदा मला तिनं विचारलं, "तुमच्यात दगड नाई मांडत?"

"नाही. आम्ही बुद्धासमोर मेणबत्ती लावतो."

"मेलेल्यासाटी?"

"हो."

"मंग मैनीसाटी लावू नका," ती म्हणाली. मी लावली नाही. खोलीत मेणबत्त्या होत्या, पण त्या घरात मैनीसाठी रडण्याचीही चोरी होती. मी शाळेच्या मागं जाऊन रडायची आणि तोंड धुऊन घरी यायची.

हिवाळा गेला. फागुन आला. घराघरांनी पाचोळा जाळला, जंगलातून धुराच्या बारीक रेघा वर निघाल्या. डोकरीखालचा पाचोळा तसाच राहिला. सोमीबाई हललीच नाही. सकाळी ती अंगणात बसून राही, आणि जंगलातून हाका यायला लागल्या की मान थोडी वाकडी करून ऐके. ती काय ऐकते आहे हे मला कळत होतं. इकडे डोकरी भरभरून फुलं ढाळत होती. तसा बहर मी आधी पाहिला नव्हता. फुलं पानांत पडत, आंबत, दुपारच्या उन्हात तो वास नाला ओलांडून थेट घरापर्यंत येई. सगळ्या बाया तिथून येताजाताना बघत आणि पुढं जात. उचलायचं नाही तर नाही. आणि सोमीबाईच्या घरात पुढच्या पावसाळ्याची काही बेगमी नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं.

एके दिवशी मला राहवेना. म्हटलं, आपण ना गोंड, ना गावचे. आपल्याला कसली रीत? अंधार विरळ होत होता तेव्हा टोपली घेऊन मी गुपचूप निघाले. ठरवलं होतं, पाचोळा हातानं सारून जमेल तेवढी फुलं वेचायची आणि अंगणात ठेवून शाळेला जायचं.

डोकरीखाली झुरीबाई आधीच बसलेली होती. मला बघून दचकली. "बाई, तुमी?" मी म्हटलं, "तुम्ही?" ती खाली मान घालून म्हणाली, "मी एकटीच आली हो. कोनाले सांगू नका. सोमीबाईसाटी येचून राह्यली." एवढ्यात मागं पानं करकरली. तिसरी आली. मग पलीकडच्या वाटेनं चौथी. प्रत्येकीला वाटलं होतं आपण एकटीच रीत मोडतो आहोत, तेही चोरून. म्हणून कोणी हाक घातली नव्हती. उजाडेपर्यंत जवळजवळ सगळं बायांचं गाव तिथं जमलं. एकमेकींकडे बघून थोडं हसलो, डोळे पुसले आणि वेचायला बसलो. हातांनी पाचोळा सारता सारता झाडाखालचं अंगण साफ झालं. डोंगा उलटल्यापासून इतकं मोकळं मला वाटलं नव्हतं. आपण काय करतो आहोत, म्हणजे लांबून ते कसं दिसेल, हे कोणाच्या म्हणजे कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

सोमीबाई नाल्यातून वर चढली तेव्हा आम्हाला दिसली. केस सुटलेले, धाप लागलेली. जंगलातून एकही हाक येत नाही हे तिला अंगणात बसल्या जागी कळलं होतं. सगळ्या बाया एका झाडाखाली, सगळ्या मुक्या, हातांत टोपल्या. ती लांबच थांबली.

"सरलं का?" तिनं विचारलं. "माह्यं घर सरलं का?"

झुरीबाई उठली आणि एकदम रडायला लागली. "नाई वं माय, नाई! मी एकटीच आली होती. तुह्यासाटीच आली होती." "मी बी एकटीच आली." "मी बी." सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या आणि कोणाचंच खरं वाटण्यासारखं नव्हतं. सोमीबाई आमच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता ही वळेल, आणि ज्या नदीनं मैनी नेली तिकडे चालायला लागेल. खरंच वाटलं.

मग झुरीबाईनं केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं आपली टोपली उचलली आणि जमिनीवर हळूच पालथी केली. बसून, हातानं, ती फुलं पसरून टाकायला लागली, पडली होती तशी. दुसरीनं तेच केलं. सगळ्यांनी टोपल्या रिकाम्या केल्या. मीही केली. फुलं पसरून झाल्यावर बाया मागं सरकल्या आणि झाडाच्या सावलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्यात उभी राहिले. वरून टपटप चालूच होती.

सोमीबाई किती वेळ तशी उभी होती कोणास ठाऊक. मग पुढं आली, झाडाखाली उकिडवी बसली आणि वेचायला लागली. टोपली आणली नव्हती. पदराचा ओचा केला. कोणी मदतीला गेलं नाही. कोणी घरीही गेलं नाही, आपापल्या झाडांची फुलं उन्हात सुकत होती तरी. बऱ्याच वेळानं मान वर न करता ती म्हणाली, "मास्तरीन, उभी काऊन हायेस? येच ना. एवढी फुलं मी एकटी कवा येचू?"

मी बायांकडे बघितलं. झुरीबाईनं मला पाठीवर हात ठेवून पुढं ढकललं.

मी सोमीबाईशेजारी बसले. त्या दिवशी मी खेळले नाही, वेचली. हुंदके येत होते आणि मी ते आवरले नाहीत. सोमीबाईनं आवर म्हटलंही नाही. ती तिच्या बाजूनं वेचत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मैनी असती त मोठ्यानं कू केली असती." तेवढंच. शाळा त्या दिवशी उशिरा उघडली.

माझी बदली पुढं कुठंकुठं झाली, घुग्घुसला कोळशाच्या धुळीतही काही वर्षं काढली. फागुनात रजा मिळाली की मी डोकरीखाली जायची. सोमीबाई असेपर्यंत गेले. आता ती नाही, माझे गुडघेही नाहीत. तिथलं झाड, तिथला धूर, त्या हाका सगळं आहे म्हणतात. जायचं म्हणते, पण कोणाशेजारी बसू?

त्या वर्षी मोह संपत आला तेव्हा नदी बारीक झाली होती. एका सकाळी सोमीबाई माझ्या दारात आली. "चाल," म्हणाली, "दगड पाहाले जाऊ." मी चप्पल घातली. पात्रात उतरून आम्ही दोघी दगड बघत फिरलो. मी दाखवलेला एकही तिला पसंत पडेना. एक फार मोठा, एक टोकदार, एकावर शेवाळ. "हा नको, टोचन," असं ती दगडांबद्दल म्हणायची आणि मी पुढचा शोधायला लागायची. शेवटी एक सापडला, लांबट, पाण्यानं गुळगुळीत झालेला. मी टोपली पुढं केली. म्हटलं, जड आहे, डोक्यावर मी घेते.

तिनं टोपलीत ठेवू दिला नाही. पदरानं दगड पुसून कोरडा केला, उचलला आणि कडेवर घेतला. एक हात त्याच्या पाठीशी धरून ती गावाकडे चालायला लागली. वाटेत दसरूभाऊ भेटले, झुरीबाई भेटली, सगळे बाजूला झाले. "दे माह्यापाशी थोडा वेळ, थकली असशीन," झुरीबाई म्हणाली.

सोमीबाई थांबली नाही. "राहू दे," ती म्हणाली. "आता झोपली हाय."